भांडवलशाही, समाजवाद की मिश्र? आधी तोटा कोणाच्या नावे पडतो ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. मुलगी बारावी वाणिज्यला आहे. भांडवलशाही, समाजवादी आणि मिश्र अर्थव्यवस्थांचे गुणदोष तिने पाठ केले आहेत. पण तिने तुम्हाला विचारले, की बाबा, यातली चांगली कोणती? आणि १९९१ साली आपण समाजवाद सोडला म्हणतात, तर रेशन, बेस्ट आणि म्हाडा अजून कसे? तुम्ही डोंबिवलीहून रोज फोर्टला जाता, खासगी कंपनीत नोकरी करता, आणि यावर तुम्हाला ठाम काही सांगता आले नाही.

मुलीने पकडलेली विसंगती खरी आहे. पाठ्यपुस्तक अख्ख्या देशाला एक नाव देते: अमेरिका भांडवलशाही, सोव्हिएत रशिया समाजवादी, भारत मिश्र. पण कुठलाही देश सगळ्या गोष्टींचा कारभार एकाच रीतीने चालवत नाही. तुम्ही सकाळी घेतलेली दुधाची पिशवी, ज्या लोकलने गेलात ती, ज्या इमारतीत राहता ती आणि ज्या कंपनीत काम करता ती, या चारही ठिकाणी निर्णय घेणारे वेगळे आणि नुकसान सोसणारेही वेगळे. त्यामुळे 'कोणती व्यवस्था चांगली' याला मी एका शब्दात उत्तर देणार नाही. 'कोणत्या गोष्टीसाठी कोणती, आणि कुठल्या परिस्थितीत' असे विचाराल तर बरेच काही सांगता येईल.

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. सहकार खात्याच्या नामतालिकेवरचा लेखापरीक्षक आहे. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, काही प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आणि अधूनमधून सरकारी उपक्रमांचे अंतर्गत हिशेब, असे सगळे हाताखालून गेले आहे. या कामात एक सवय लागते. संस्थेच्या नावात काय लिहिले आहे ते बाजूला ठेवून मी चार गोष्टी शोधतो. निर्णय कोण घेतो? लोकांना काय हवे आहे याची खबर त्याला कुठून मिळते? निर्णय चुकला तर तोटा कोणाच्या नावे पडतो? आणि ज्याच्या नावे पडला त्याला दाद मागायला किंवा बाहेर पडायला वाट आहे का? यातल्या तिसऱ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देतो. जिथे निर्णय एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, तिथे ताळेबंद हमखास बिघडलेला सापडतो. मग ती कंपनी असो, सरकारी महामंडळ असो नाहीतर सहकारी बँक.

बाजारापासून सुरुवात करू. मुंबईला उद्या किती कांदा लागेल हे कोणीही ठरवलेले नसते, तरी वाशीच्या घाऊक बाजारातून तो दादरपासून डोंबिवलीपर्यंत रोज पोचतो. लासलगावकडे अवकाळी पाऊस झाला, माल कमी आला, की भाव चढतो. भाव चढला की खानावळवाला कांदा हात राखून वापरतो आणि दुसऱ्या राज्यातला व्यापारी गाडी इकडे वळवतो. यातल्या कोणालाही नाशिकच्या पावसाची बातमी वाचावी लागत नाही. फ्रीड्रिश हायेक या अर्थतज्ज्ञाने १९४५ साली हाच मुद्दा मांडला होता: गरजांची आणि साठ्यांची माहिती लाखो लोकांकडे तुकड्यातुकड्याने विखुरलेली असते, ती एका कचेरीत गोळा होऊ शकत नाही, पण किमतीतून ती सगळ्यांपर्यंत पोचते. आणि व्यापाऱ्याचा अंदाज चुकला तर सडतो तो त्याचाच माल. नफ्याबद्दल सगळे बोलतात. माझ्या अनुभवात बाजाराला शिस्त लावण्याचे काम तोटा करतो.

अर्थात हा कांद्याचा बाजारही पूर्ण मोकळा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली; ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा हा निर्णय दिल्लीत झाला आणि त्याचा तोटा नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या नावे पडला. बाजारात उतरायची जोखीम त्याची, पण भाव वर गेला की लाभ घ्यायची मुभा नाही. मला ही सर्वांत अन्यायाची रचना वाटते, आणि तिला पुस्तकात कुठलेच नाव नाही.

बाजाराच्या दोन मर्यादा मात्र मुलीला नीट समजावून सांगा. पहिली ही, की ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचीच गरज किमतीत उमटते. १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी पुढे त्याचा अभ्यास करून दाखवले, की धान्य किती कमी पिकले एवढ्यावरून हे मृत्यू समजत नाहीत. शेतमजूर, मच्छीमार, कारागीर यांच्या कमाईच्या मानाने तांदूळच आवाक्याबाहेर गेला होता. उपाशी माणसाची गरज बाजारापर्यंत पोचलीच नाही. त्याच वर्षी मुंबईत सरकारने धान्याचे रेशनिंग सुरू केले, माणशी ठरलेले माप, ठरलेला दर. म्हणजे रेशनकार्ड आपल्या शहरात आले ते इंग्रजांच्या राज्यात, महायुद्धाच्या टंचाईत. १९९१ ला ते जायचे काही कारणच नव्हते. आज २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरांत ५० टक्के लोकसंख्येपर्यंत ते पोचवायचे आहे. सर्वसाधारण लाभार्थ्याला माणशी महिना ५ किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत.

दुसरी मर्यादा अशी, की खासगी धंद्यातही तोटा दरवेळी मालकाच्याच गळ्यात पडतो असे नाही. लिमिटेड कंपनीत भागधारकाची जबाबदारी त्याने घातलेल्या भांडवलापुरती. त्यापुढचा तोटा बँक, माल पुरवणारे आणि पगार थकलेले कामगार यांच्यात वाटला जातो. २००८ मध्ये अमेरिकेत मोठ्या वित्तसंस्था कोसळायला लागल्या तेव्हा तिथल्या संसदेने त्यांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंत खर्चाला मंजुरी दिली. भांडवलशाहीचा बालेकिल्ला मानल्या जाणाऱ्या देशात नफा खासगी राहिला आणि जोखीम करदात्याने उचलली. त्या महिन्यांपुरते अमेरिकेला पुस्तकातले कुठले नाव द्यायचे, हे मुलीला विचारून पाहा.

आता दुसरे टोक. सोव्हिएत रशियात १९२१ साली गोस्प्लान ही नियोजन यंत्रणा उभी राहिली आणि १९२८ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. कुठल्या कारखान्याने किती पोलाद काढायचे, ते कोणाला द्यायचे, सगळे वरून ठरायचे. हे अजिबात चालले नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. शेतीवर जगणाऱ्या देशात थोड्या वर्षांत पोलाद, वीज आणि अवजड यंत्रे उभी राहिली. उद्दिष्ट एक आणि स्पष्ट असले, म्हणजे युद्ध, साथ, मोठे धरण, तर हुकमाने काम लवकर होते. पण याच व्यवस्थेत सक्तीचे सामूहिकीकरण आणि धान्यवसुली यांतून १९३२-३३ चा भीषण दुष्काळ पडला आणि लाखोंनी माणसे गेली. निर्णय मॉस्कोत, मरण खेड्यात. तक्रार करायला वर्तमानपत्र नाही, निवडणूक नाही, गाव सोडून जायची मोकळीक नाही. माझा चौथा प्रश्न याचसाठी आहे.

रोजच्या वापराच्या वस्तूंबाबत तिथे काय झाले ते हंगेरीचे यानोश कोर्नाई यांनी सर्वांत चांगले समजावून सांगितले. ते स्वतः त्या व्यवस्थेत राहून तिचा अभ्यास करत होते. त्यांचे म्हणणे असे, की तोट्यात गेलो तरी सरकार पैसे घालून वाचवणारच, हे ज्या व्यवस्थापकाला ठाऊक आहे तो हात आखडून खर्च करत नाही. तो जास्त माणसे मागतो, जास्त कच्चा माल साठवतो. सगळेच असे करू लागले की देशभर टंचाई होते आणि दुकानापुढे रांग लागते. हे वाचताना मला रशिया आठवत नाही, गिरणगाव आठवते. आजारी गिरण्या चालवायला १९६८ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले, १९७४ ला देशातल्या १०३ गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर, १९८३ मध्ये, मुंबईतल्या आणखी १३ गिरण्यांचा कारभार सरकारने हाती घेतला. हेतू प्रामाणिक होता, कामगाराची चूल विझू नये. पण यंत्रे जुनीच राहिली, तोटा दरवर्षी तिजोरीवर पडत गेला आणि गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन मोलाची ठरली. खासगी गिरणीमालकांनी तरी काय केले? त्यांनीही यंत्रांपेक्षा जमिनीकडे पाहिले. मालक सरकार असो की शेठ, शेवटचा तोटा लालबाग-परळच्या कामगाराच्या नावे पडला, आणि तो कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

व्यवस्थांची तुलना मुंबईत करायची तर घराइतका बोलका विषय दुसरा नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी साधारण सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. युद्ध नुकतेच संपलेले, फाळणीनंतर माणसांचे लोंढे येत होते, घरे अपुरी. त्या वेळी तो कायदा योग्यच होता असे माझे मत आहे. तो नसता तर गिरगाव आणि परळमधली कारकुनांची, गिरणी कामगारांची कुटुंबे शहराबाहेर फेकली गेली असती. पण कायदा मुळात ठरावीक मुदतीचा होता आणि त्याला मुदतवाढ मिळत राहिली. सिमेंट, लोखंड, मजुरी, सगळे कितीतरी पटींनी वाढले, भाडे तेच. मालकाला त्या भाड्यात गच्चीचे डांबरसुद्धा परवडेना. भाडेकरूची मालकी नाही म्हणून तोही पैसे घालेना. बांधलेली किंमत मग दुसऱ्या वाटेने बाहेर आली: पगडी, म्हणजे भाड्याच्या घराचा ताबा मिळवायला वरून मोजायची रक्कम. रोख, विनापावती, आणि १९९९ च्या कायद्यापर्यंत बेकायदा. जुन्या कुटुंबांच्या कागदपत्रांत मला ती रक्कम कधी 'हातउसने' म्हणून दिसते, कधी दिसतच नाही.

इमारती कोसळायला लागल्यावर १९६९ साली दुरुस्तीसाठी वेगळा कायदा आला. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या एकोणीस हजारांहून अधिक इमारतींवर उपकर बसला आणि दुरुस्तीचे काम सरकारी मंडळाकडे गेले. हेच मंडळ पुढे म्हाडाचा भाग झाले. म्हणजे म्हाडा ज्या चाळींची डागडुजी करते त्या मालकीने खासगी, भाड्याने सरकारबद्ध आणि दुरुस्तीने पुन्हा सरकारी. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भाडी इतकी वर्षे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे. त्यानंतर १९९९ चा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, वर्षाला ४ टक्के वाढीला परवानगी मिळाली, आणि बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या, एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले गेले. सामान्य भाडेकरूचे संरक्षण राहिले. या प्रकरणात खलनायक शोधू नका. निर्णय विधिमंडळाचा होता, त्याची किंमत कागदावर मालकाने मोजली, आणि दर पावसाळ्यात जिना किंवा सज्जा पडला की भाडेकरूने मोजली.

त्याच रस्त्यावर सहकारी गृहनिर्माण संस्थेची इमारत पाहा. मुंबईत ही पद्धत जुनी आहे. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ सालची. इथे घराचा लाभ घेणारा आणि दुरुस्तीचा पैसा देणारा माणूस एकच. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीला आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडाला, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवायच्या निधीला, द्यायचे असतात. मी कुठल्याही सोसायटीचे दप्तर उघडले की आधी हा निधी बघतो, कारण सभासद एकमेकांशी किती प्रामाणिक आहेत ते तिथे कळते. अडचण इथेही आहे. सभेला माणसे येत नाहीत, गणसंख्येअभावी सभा तहकूब होते, आणि देखभाल खर्च वाढवायचा ठराव आला की तळमजल्यावरचा म्हणतो लिफ्टचे पैसे मी का देऊ. सहकारात निर्णय आणि तोटा एकत्र असतात हे खरे, पण त्यासाठी सभासदाने वर्षातून एक संध्याकाळ तरी द्यावी लागते. जिथे ती दिली जात नाही तिथे दोन-तीन पदाधिकारी मालकासारखे वागू लागतात आणि तोटा मात्र सगळ्यांचा.

सिंगापूरने घराचा प्रश्न तिसऱ्याच रीतीने सोडवला. व्यापाराला जगात सर्वांत मोकळा म्हणून ते शहर ओळखले जाते, पण तिथली बहुतेक जमीन सरकारची आणि तिथल्या रहिवाशांपैकी दर दहातले जवळपास आठ जण सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. ते मंडळ १९६० चे. घर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने विकत मिळते आणि हप्ता सक्तीच्या बचतीतून भरता येतो. मुंबईला हे जसेच्या तसे जमले असते का? मला शंका आहे. तिथे १९६६ च्या कायद्याने सरकारने जमीन स्वस्तात घेतली. आपल्याकडे जमीन अनेकांच्या हातात, न्यायालये स्वतंत्र, आणि देशभरातून माणूस इथे येऊ शकतो. तो त्याचा हक्क आहे. परिस्थितीवर अवलंबून असते असे मी म्हणतो ते या अर्थाने.

इथवर आलेले एका दमात सांगायचे तर: बाजारात खबर चांगली पोचते पण ऐपत नसलेला सुटतो, सरकारी हुकमात वेग असतो पण तोटा लपतो, सहकारात दोन्ही सांभाळता येते पण लोकांचे लक्ष हटले की तो आतून पोखरतो.

सहकाराबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण पुस्तकात त्याला सहसा दोन ओळी मिळतात आणि महाराष्ट्रात तर तो आर्थिक जीवनाचा कणा राहिला आहे. कंपनीत शेअर जास्त त्याची मते जास्त. सहकारी संस्थेत शेअर कितीही असोत, मत एक. लाभांशालाही आपल्या १९६० च्या कायद्याने साधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला उभा केलेला साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक झाला. अमूलची सुरुवात तर थेट मुंबईशी जोडलेली. मुंबईला दूध पुरवण्याच्या सरकारी योजनेत मधल्या खासगी कंपनीला मक्ता मिळाला, खेड्यातल्या शेतकऱ्याला भाव मिळेना, त्यांनी दूध घालणे थांबवले आणि १९४६ साली खेडा जिल्हा संघ नोंदवला. आज तुमच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये सहकारी संघांच्या आणि खासगी डेअऱ्यांच्या पिशव्या शेजारीशेजारी असतात. सरकारची आरेची पिशवी एके काळी घराघरात होती, या दोघांपुढे ती मागे पडली. भाव जवळपास सारखे, पण एका पिशवीतला नफा दूध घालणाऱ्याकडे बोनस म्हणून जाऊ शकतो, दुसऱ्या पिशवीतला मालकाकडे जातो.

आणि सहकार फसतो तेव्हा कसा फसतो तेही मुलीला कळू द्या. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे हिशेबात लपवली गेल्याचे बाहेर आले. ठेवीदार हे बहुतेक सामान्य नोकरदार, निवृत्त माणसे. तेव्हा ठेव विमा १ लाखाचा होता, तो फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झाला. माझ्या व्यवसायाला या घटनेने जे शिकवले ते असे, की एक सभासद एक मत हे तत्त्व तेव्हाच उपयोगाचे, जेव्हा त्या सभासदापर्यंत खरा आकडा पोचतो.

आता मुलीचा नेमका प्रश्न, १९९१. आपण आधी समाजवादी होतो आणि मग भांडवलशाही झालो, ही मांडणीच कच्ची आहे. १९४४ साली मुंबईत एक योजना प्रसिद्ध झाली. ती लिहिणारे होते जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई आणि त्यांचे सहकारी. देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगपतींनी मागणी केली, की पंधरा वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट करण्यासाठी सरकारने नियोजन करावे, मूलभूत उद्योगांना आधार द्यावा. कारण साधे होते. पोलाद आणि विजेत इतका पैसा घालून इतकी वर्षे थांबायची ताकद तेव्हा खासगी भांडवलात नव्हती. पुढे १९५१ चा परवान्यांचा कायदा, १९५६ चे औद्योगिक धोरण, १९६९ चे १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण असा तो हात वाढत गेला. कारखाना काढायचा तर परवाना, क्षमता वाढवायची तरी परवाना. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत, तरी बनवणाऱ्याला मर्जीने उत्पादन वाढवता येत नसे. यात कारखाने बहुतांश खासगीच राहिले आणि शेतीही शेतकऱ्याचीच राहिली. याला समाजवाद म्हणण्यापेक्षा परवान्यांनी बांधलेली खासगी व्यवस्था म्हणणे मला जास्त अचूक वाटते.

१९९१ ला परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले, ४७ टन सोने परदेशात गहाण गेले, रुपयाचे अवमूल्यन झाले. २४ जुलैला नवे औद्योगिक धोरण आणि मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प आला. परवाना १८ उद्योग वगळता सगळ्यांसाठी रद्द झाला, सरकारसाठी राखीव उद्योग १७ वरून ८ वर आले. सुटले ते परवाने. रेशन, लोकल, म्हाडा यांना त्या धोरणाने हात लावलाच नव्हता. बेस्टचेही तसेच. १९४७ साली महापालिकेने ती खासगी कंपनीकडून विकत घेतली आणि कित्येक वर्षे विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरला गेला. आता त्याच थांब्यावर येणाऱ्या कित्येक बस खासगी कंत्राटदाराच्या मालकीच्या असतात. तिकीट आणि मार्ग बेस्टचा, गाडी आणि चालक कंत्राटदाराचा. किमान भाडे २०१९ मध्ये ५ रुपये केले, मे २०२५ मध्ये ते १० झाले. हे प्रकरण कोणत्या रकान्यात बसवणार?

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो संविधान सभेतला वाद. के. टी. शहा हे मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले विद्वान. १५ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी दुरुस्ती मांडली, की संविधानात 'समाजवादी' हा शब्द घालावा. तिला विरोध केला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांनी स्वतः मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले होते. आणि याच आंबेडकरांनी १९४७ च्या आपल्या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी असे सुचवले होते! तरी सभेत त्यांचे म्हणणे असे, की समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी काळ आणि परिस्थिती पाहून ठरवावे. आज समाजवादी रचना चांगली वाटेल, उद्या विचारी माणसे त्याहून चांगली शोधतील, त्यांचे हात आपण बांधू नयेत. शब्द पुढे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आला तो आला.

हा वाद शेवटी आपल्या चाळींपर्यंत येऊन पोचला. १९८६ च्या तरतुदीने उपकरप्राप्त इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत त्यांच्या सहकारी संस्थेसाठी संपादित करता येणार होती. मालकांची संघटना न्यायालयात गेली. त्यातून उभा राहिलेला घटनात्मक प्रश्न ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सोडवला: सर्वांच्या हितासाठी जिचे वाटप व्हावे असे संविधान सांगते ती 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' प्रत्येक खासगी मालमत्ता आपोआप ठरत नाही. बहुमताच्या निकालात आंबेडकरांच्या त्याच भूमिकेचा आधार आहे, की संविधानाने देशाला एका आर्थिक सिद्धांताला जखडलेले नाही. त्याच महिन्यात दुसऱ्या पीठाने उद्देशिकेतला 'समाजवादी' शब्दही कायम ठेवला आणि त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य असा सांगितला, खासगी उद्योगाला मज्जाव असा नव्हे.

इतर देश झटपट. चीनने १९७८ नंतर शेती कुटुंबांकडे दिली आणि कारखान्यांत बाजार आणला, पण जमीन, मोठ्या बँका आणि सत्ता पक्षाच्या हाती ठेवली. तिथे माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे लोकांना काय हवे याची खबर पोचण्याचे, उत्तर सुधारले; चौथ्याचे, म्हणजे दाद मागण्याचे, नाही. स्वीडनला लोक समाजवादी म्हणतात. तिथले मोठे कारखाने बहुतांश खासगी आहेत, कायद्याने ठरवलेले किमान वेतन नाही, वारसा कर त्यांनी २००४ मध्ये काढून टाकला. कर जबर आहे आणि त्यातून शाळा, दवाखाना, म्हातारपण सांभाळले जाते. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना आहेत, कारण कंपनी बुडाली तर तोटा त्यांचाही असतो.

माझे मत विचाराल तर कपडे, भाजी, मोबाइल, उपाहारगृहे यांत सरकारने भाव ठरवू नये; फसवणूक आणि मक्तेदारी तेवढी रोखावी. लसीकरण, सांडपाणी, प्राथमिक शिक्षण, शहराची बस यांत नफ्याचा हिशेब लावू नये, पण तोटा दरवर्षी उघड्यावर मांडावा आणि तो का सोसतो ते सांगावे. दूध, ऊस, राहती इमारत, गावातली पत, जिथे माणसे एकमेकांना ओळखतात आणि नेहमी तोच व्यवहार करतात, तिथे सहकाराला पहिली संधी द्यावी. घराबाबत मी अजून सरकारच्या बाजूने झुकतो, कारण मुंबईत जमीन वाढत नाही आणि घर ही वस्तू कांद्यासारखी उद्या दुसऱ्या जिल्ह्यातून येत नाही. यावर माझे अनेक व्यावसायिक मित्र माझ्याशी सहमत नाहीत, आणि त्यांच्या मुद्द्यांत दम आहे.

परीक्षेत मुलीने पुस्तकातले गुणदोषच लिहावेत, गुण त्याचेच आहेत. मिश्र अर्थव्यवस्थेच्या उत्तरात बेस्टचे एखादे उदाहरण घातले तर तपासणारा खूशच होईल. परीक्षा संपली की तिला तीन कागद वाचायला द्या: तुमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल, बेस्टचा अर्थसंकल्प आणि तुम्हाला आवडेल त्या एका नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल. शेवटचे दोन इंटरनेटवर मिळतात, पहिला सर्वसाधारण सभेच्या आधी घरी येतोच. तिन्हींत तूट किंवा तोटा कुठून भरून काढला आहे ती नोंद शोधायला सांगा. कंपनीत ती राखीव निधीत किंवा नव्या कर्जात दिसेल, बेस्टमध्ये महापालिकेच्या अनुदानात, सोसायटीत सभासदांच्या वर्गणीत. कुठे अडली तर इथेच विचारा. सोसायटीच्या अहवालातली नावे झाकून ताळेबंदाचे पान टाकलेत तर ते कसे वाचायचे ते मी ओळीओळीने सांगेन.